श्रद्धांजलीच्या साच्याबाहेर : मराठी स्मरणलेखनातील मनोरुग्ण आप्त

बीजसंज्ञा : स्मरणलेखन, आत्मचरित्र, मनोविकार, मंत्रचळ, कुटुंब, विनोद, अनुवाद

प्रास्ताविक

मराठवाड्यातील कोणत्याही दैनिकाच्या आतल्या पानावर ‘प्रथम पुण्यस्मरण’ या मथळ्याच्या चौकटी आढळतात. छायाचित्र, नाव, तिथी, शोकाकुल परिवाराची यादी आणि सोबत दोन-चार विशेषणे : प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, परोपकारी. ही विशेषणे खोटी असतात असे नव्हे. पण ती एका चौकटीतून उचलून दुसऱ्या चौकटीत ठेवली तरी कोणाचे काही बिघडत नाही. ज्या माणसाचे निम्मे आयुष्य मनोविकारात गेले, त्याची चौकट मात्र सहसा छापली जात नाही. छापली गेलीच तर त्याच्या आजाराची खूण तीत नसते. ‘दीर्घ आजाराने निधन’ एवढ्या शब्दांवर भागविले जाते.

प्रस्तुत निबंधाचा विषय वृत्तपत्रातील जाहिराती हा नसून साहित्य हा आहे. तथापि आपल्या स्मरणलेखनाचा रूढ साचा या चौकटीपासून फार दूरचा नाही, असे हे लेखन वाचताना आणि वर्गात शिकविताना वारंवार जाणवत आले आहे. गेलेल्या माणसाविषयी लिहिणे म्हणजे त्याला वंदन करणे, ही आपली धारणा आहे. मनोरुग्ण आप्त या धारणेत बसत नाही. त्याने घरावर प्रेम केलेले असते आणि घराला जेरीसही आणलेले असते. या दोहोंपैकी एकच सांगितले तर तो माणूस हातून निसटतो. अशा आप्ताचे स्मरण त्याचा संत न करता आणि रोगाचे उदाहरणही न करता कसे करता येते, या प्रश्नाच्या अनुषंगाने लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ आणि जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ (२०१२) ही कादंबरी, शांता गोखले यांनी केलेल्या मराठी अनुवादात ‘एम आणि हूमराव’, या दोन कृतींचा येथे विचार करावयाचा आहे. दोहोंच्या मध्ये ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाकडेही पाहावे लागेल.

एक आत्मचरित्र, दुसरी कादंबरी. एकीचा काळ एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध, दुसरीचा विसाव्याचा. एकीचे घर नाशिकजवळच्या जलालपूरचे ब्राह्मणी, दुसरीचे मुंबईतील माहीमचे गोवेकर कॅथलिक. ही जोडी वाचकास विजोड वाटेल. परंतु दोन्ही कृतींना जोडणारा एक दुवा सहज हाती लागतो. ‘स्मृतिचित्रे’चा संपूर्ण इंग्रजी अनुवाद २०१७ मध्ये शांता गोखले यांनीच केला. एकच अनुवादिका हे दोन ग्रंथ उलट दिशांनी भाषेच्या सीमेपार नेते, यात योगायोगापलीकडे काही असावे असे वाटते. दोन्हींकडे घरातील बोलण्याला असलेला कान तेथे कामी आला असावा.

साचा आणि त्याचा कर्ता

मराठीतील आप्तस्मरणाचा आदर्श कोणता, असे विचारल्यास बहुतेकांच्या ओठी ‘श्यामची आई’ हेच नाव येईल. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिले. ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग त्याच्या एक वर्ष आधीचा, म्हणजे १९३४चा. एकाच वेळी, जवळपास एकाच परिसरातून, मराठीला स्मरणाच्या दोन निरनिराळ्या रीती मिळाल्या. त्यांपैकी आपण पहिली घराघरात नेली. दुसरीला अभिजात म्हणून गौरविले आणि कपाटात ठेवले.

‘श्यामची आई’च्या थोरवीविषयी येथे वाद नाही. परंतु त्यातील प्रत्येक आठवण एका संस्कारावर येऊन थांबते. आई चुकत नाही. चुकतो तो श्याम. या रचनेत आईच्या मनाला स्वतःचा काळोख असण्यास जागा नाही. पुढे मराठीत आईवर आणि वडिलांवर जे विपुल ललित लेखन झाले, त्याने ही रचना जवळजवळ जशीच्या तशी उचलली.

येथे एक गोष्ट नोंदविणे भाग आहे. या साच्याच्या कर्त्यानेच ११ जून १९५० रोजी आपल्या हाताने आपले जीवन संपविले. त्यांच्या मनाचे निदान करण्याचा अधिकार समीक्षकाला नाही आणि तसा हेतूही नाही. मात्र शाळाशाळांतून साजऱ्या होणाऱ्या त्यांच्या जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत या मृत्यूचा उल्लेख किती सफाईने टाळला जातो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्या माणसाने मराठी मुलांना रडायला शिकविले, त्याच्या दुःखाविषयी बोलण्याची भाषा आपल्याजवळ नाही. आदर जेवढा मोठा, तेवढे मौन गाढ.

‘वेड’ आणि ‘मंत्रचळ’

भाषेचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. ‘वेड’ हा मराठीतील विलक्षण लवचीक शब्द आहे. नाटकाचे वेड, क्रिकेटचे वेड, विठ्ठलाचे वेड. आई लेकराला ‘वेडी गं माझी’ म्हणते तेव्हा त्यात माया असते. आणि ‘वेड्यांचे इस्पितळ’ म्हणताना तोच शब्द अंगावर काटा आणतो. या लवचीकतेमुळे घरातील माणसाच्या आजाराविषयी बोलताना तो वापरता येत नाही. मग ‘डोक्यावर परिणाम झालाय’, ‘जरा फिरल्यासारखं करतो’, ‘बाहेरचं काहीतरी आहे’ अशी वळणे घेतली जातात. दुसऱ्या टोकाला छिन्नमनस्कता, द्विध्रुवीय विकार यांसारख्या पारिभाषिक संज्ञा आहेत. त्या अचूक असल्या तरी स्वयंपाकघरात बसून कोणी त्या उच्चारीत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये एक जुना शब्द आहे : मंत्रचळ. मंत्रसाधनेत काही चुकल्याने माणसाला चळ लागतो, अशी त्यामागची समजूत. तीच ती कृती पुनःपुन्हा करावयास लावणाऱ्या विकारासाठी मराठी मानसोपचारतज्ज्ञ आज हाच शब्द वापरतात. या शब्दाची मौज अशी की त्यात रोग आणि धर्म एकमेकांना चिकटून उभे आहेत. ‘स्मृतिचित्रे’चा आरंभ नेमका या सांध्यावर होतो.

नानांचे सोवळे

१८५७च्या उठावानंतरच्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या मातुल आजोबांना, वासुदेव भगवंत जोगळेकरांना, फाशी झाली. त्या घटनेचा आघात त्यांच्या जावयावर, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांवर, असा झाला की त्यांना सोवळ्याओवळ्याने पछाडले. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली गेली पाहिजे, कोणाचा कोठे स्पर्श झाला याची खात्री पटली पाहिजे, आणि खात्री तर कधीच पटत नाही. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा. म्हणजे त्यांना आजारापूर्वीचे वडील ठाऊकच नाहीत. त्यांच्या दृष्टीने वडील म्हणजेच हा धाक, हे पाणी, ही धुणीपुसणी.

या भागाचे वाचन बहुधा विनोदाचा नमुना म्हणून केले जाते. विनोद तेथे आहेच. परंतु तो कशावर उभा आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. लक्ष्मीबाई वडिलांच्या वागण्याचे कारण एकदाच, थोडक्यात सांगतात आणि पुढे त्याचा आधार घेऊन दया मागत नाहीत. आघात झाला म्हणून ते असे वागले, सबब त्यांना क्षमा करा, असा सूर कोठेही निघत नाही. तसेच वडिलांनी आमचे बालपण जाळले, असा आक्रोशही नाही. त्या केवळ दाखवितात : घरातील बायकांनी आणि मुलांनी या वेडाभोवती आपली दिनचर्या कशी बसविली, कोठे पळवाटा काढल्या, कोठे चोरून हसून घेतले. मनोरुग्णाच्या घरात हेच घडते. आजार एकाला होतो आणि त्याचे वेळापत्रक सर्वांना पाळावे लागते. आईच्या वाट्याला आलेले कष्ट लक्ष्मीबाईंनी जेवढ्या कोरडेपणाने सांगितले आहेत, तेवढ्याच ते खोलवर लागतात.

दुसरा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. नानांच्या वेडाला समाजाने मान्य केलेला आकार लाभला होता. त्यांनी जर भिंतीशी बोलावयास आरंभ केला असता तर त्यांना वेडे ठरविण्यास गावाला वेळ लागला नसता. पण सोवळे कडकपणे पाळणारा ब्राह्मण हा वेडा कसा ठरेल? फार तर कर्मठ. आजाराने तत्कालीन समाजाची सर्वांत प्रतिष्ठित भाषा उचलली आणि तिच्या आड तो सुरक्षित राहिला. आचार कोठे संपतो आणि चळ कोठे सुरू होतो, ही रेषा त्या घराला दाखविता आली नाही, कारण ती रेषा समाजालाच दाखविता येत नव्हती.

आणि म्हणून आजच्या वाचकाला, विशेषतः मराठवाड्यातील वर्गात बसलेल्या वाचकाला, येथे निखळ हसता येत नाही. नाना जे धुऊन काढू पाहत होते ते कोणाचे तरी बोट होते, कोणाची तरी सावली होती. त्यांच्या भीतीचा विषय म्हणजे जिवंत माणसे. ज्या माणसांचा स्पर्श धुतला जात असे त्यांच्या बाजूची हकिकत मराठीत यावयास पुढे बराच काळ जावा लागला. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८चे. पदव्युत्तर वर्गात ‘स्मृतिचित्रे’तील हा भाग वाचून झाल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले होते, “सर, नाना आजारी होते हे मान्य. मग बाकीचं गाव कशानं आजारी होतं?” या प्रश्नाला मी त्या दिवशी समर्पक उत्तर देऊ शकलो नाही. वैयक्तिक विकार आणि सामाजिक विकार यांचे समीकरण मांडण्याचा मोह अशा वेळी होतो. तो टाळलेला बरा. नानांना यातना होत होत्या, गावाला त्या होत नव्हत्या. तरीही नानांच्या यातनेला शब्द पुरविले ते गावानेच.

लक्ष्मीबाईंना याची जाण होती, असे पुढील भागांवरून म्हणता येते. पतीच्या १८९५ मधील धर्मांतरानंतर त्यांनी स्वतःचे सोवळे ज्या क्रमाने सोडले, तो प्रवास एका फटक्यात झालेला नाही. एकेक पायरी, एकेक घोट पाणी, प्रत्येक वेळी मनाशी झगडा. हा भाग सामान्यतः धर्मांतराच्या संदर्भात वाचला जातो. तो वडिलांच्या संदर्भातही वाचला पाहिजे. ज्या मुलीने सोवळ्याचे टोक घरात पाहिले होते, तिने ते सोडताना कोणाची पकड सोडविली, हे आरंभीचे प्रकरण विसरून कळणार नाही.

एक उणीव मात्र मान्य करावी लागेल. नानांच्या मनात काय चालले असेल, हा प्रश्न लक्ष्मीबाई विचारीत नाहीत. आपल्याला त्यांचे हात दिसतात, पाण्याचे तांबे दिसतात, त्यांचा संताप दिसतो. त्यांची भीती दिसत नाही. विनोदाने वडिलांना वाचविले हे खरे, पण त्याच विनोदाने त्यांना थोडे अंतरावरही ठेवले.

‘देवराई’ : प्रबोधनाचे ओझे

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या चित्रपटामागे एका कुटुंबाचा इतिहास आहे. धुळ्याहून कॅनडात गेलेले आणि कॅलगरी विद्यापीठात अध्यापन केलेले जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था उभारली आणि या चित्रपटाच्या निर्मितीला बळ दिले. अतुल कुलकर्णी यांचा शेष आणि सोनाली कुलकर्णी यांची सीना ही भावंडे मराठी प्रेक्षकाच्या स्मरणात आहेत.

चित्रपटाचे सामाजिक कार्य मोठे आहे. हा आजार आहे, करणी नव्हे. त्यावर औषध आहे. घराने साथ द्यावी लागते, हे त्याने अनेकांना प्रथमच सांगितले. परंतु सांगण्याची ही जबाबदारी कलाकृतीवर ओझे होऊन बसते. काही प्रसंगांत शेष हा शेष न राहता लक्षणांची यादी होतो. जेथे तो आपल्या देवराईविषयी बोलतो, झाडांच्या गुंत्यात हरवतो, तेथे मात्र आजार आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत आणि चित्रपट उंची गाठतो. प्रबोधन आणि स्मरण यांत फरक आहे. प्रबोधनाला शेषसारखे पुष्कळ जण हवे असतात, स्मरणाला एकटा शेषच हवा असतो. याच दिग्दर्शकद्वयाने पुढे ‘कासव’मध्ये नैराश्याचा विषय हाताळताना बोलणे कमी केले, हे त्यांना स्वतःलाही हे जाणवल्याचे चिन्ह मानावयास हरकत नाही.

एमची वाणी

जेरी पिंटो यांची कादंबरी आत्मचरित्रात्मक आहे आणि तिच्या लेखनात दोन दशकांहून अधिक काळ गेला, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. २०१६ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माहीममधील एका शयनगृहाच्या लहान सदनिकेत चौघे राहतात : आई इमेल्डा, जिला मुले ‘एम’ म्हणतात; वडील ऑगस्टीन, म्हणजे ‘बिग हूम’; मुलगी सुसान आणि निनावी निवेदक मुलगा. एमला द्विध्रुवीय विकार आहे. कधी ती उधाणलेली असते, कधी खोल खचलेली. तिने अनेकदा जीव देण्याचा प्रयत्न केला आहे. कादंबरीचा आरंभ जे. जे. रुग्णालयातील तेहतीस क्रमांकाच्या वॉर्डात होतो.

एवढे कथानक सांगितले की वाचक एका करुण कहाणीची तयारी करतो. प्रत्यक्षात हाती येते ती एक अफाट बडबडी, विडी ओढणारी, चहा पिणारी, लाजलज्जा गुंडाळून ठेवलेली, तल्लख बाई. ती मुलांशी स्वतःच्या शरीरसंबंधांविषयी बोलते, मातृत्वाची टर उडविते, प्रत्येक प्रश्नाला आडवे उत्तर देते. ‘श्यामची आई’च्या शेजारी ही आई ठेवून पाहावी, म्हणजे मराठीत या अनुवादाचे महत्त्व किती आहे हे ध्यानात येईल. ही आई कोणताही संस्कार करीत नाही. उलट मुलाला जन्म दिल्यानंतरच आपला आजार सुरू झाला, असे ती त्याला तोंडावर सांगते. आतून सतत काहीतरी काळे ठिबकत राहावे, अशी त्या आजाराची तिने दिलेली प्रतिमा आहे. हे ऐकून मोठा झालेला मुलगा पुढे तिचे स्मरण लिहितो. वंदनाची वाट त्याला जन्मापासूनच बंद आहे.

मग त्याने काय केले? त्याने तिचे बोलणे जपले. माझ्या मते या कादंबरीची खरी सिद्धी येथे आहे. कादंबरीचा फार मोठा भाग संवादांनी आणि एमच्या पत्रांनी, टिपणांनी व्यापलेला आहे. मुलगा तिची जणू मुलाखत घेत असतो : रंगूनहून कलकत्त्यामार्गे मुंबईत आलेले तिचे कुटुंब, तिची स्टेनोग्राफरची नोकरी, पगार आईच्या हाती देण्याची सवय, ऑगस्टीनशी वर्षानुवर्षे रेंगाळलेले प्रेम. प्रश्न विचारणाऱ्याला एक शोध घ्यावयाचा आहे. आजारापूर्वी ही बाई कोण होती? आणि आजार वजा केला तर काय उरते? कादंबरी हळूहळू दाखविते की हा प्रश्नच सदोष आहे. एमचा विनोद कोठून येतो, उधाणातून की स्वभावातून, हे सांगता येत नाही. वजाबाकी होत नाही. लक्ष्मीबाईंना आजारापूर्वीचे वडील ठाऊक नव्हते. पिंटो यांच्या निवेदकालाही आजारापूर्वीची आई ठाऊक नाही. एकीने तो शोध घेतलाच नाही, दुसऱ्याने घेतला आणि तो रिकाम्या हाती परतला. दोघांच्या हाती उरले ते घरातले माणूस, जसे होते तसे.

बोलणे जपण्यामागे एक नैतिक अंगही आहे. मनोरुग्णाच्या बोलण्याला घरात आणि रुग्णालयात एकच किंमत असते : ते लक्षण असते. तो काय म्हणतो याकडे कोणाचे ध्यान नसते, तो असे का म्हणतो याचीच नोंद होते. पिंटो यांनी एमचे शब्द लक्षण म्हणून न नोंदविता शब्द म्हणून नोंदविले. तिचे वाक्य विनोदी असेल तर वाचकाने हसावे, क्रूर असेल तर दुखावून घ्यावे, चुकीचे असेल तर तिच्याशी वाद घालावा. एखाद्या माणसाशी वाद घालणे हा त्याला दिलेला मान असतो. आजाऱ्याशी आपण वाद घालीत नाही, ‘बरं बरं’ म्हणतो.

अनुवादाच्या शीर्षकाविषयी एक निरीक्षण. ‘बिग हूम’मधील ‘बिग’चे शब्दशः भाषांतर टाळून शांता गोखले यांनी ‘राव’ हे पद जोडले. मराठी घरात वडिलांना दिला जाणारा आदर आणि तो देताना मुलांच्या ओठांवर येणारे मिस्कील हसू, ही दोन्ही ‘हूमराव’मध्ये एकत्र नांदतात. 

या कादंबरीवर माझा एक आक्षेप आहे आणि तो हूमरावांविषयी आहे. एमला पुण्यस्मरणाच्या चौकटीत बसविण्याचे पिंटो यांनी कटाक्षाने टाळले. पण ती रिकामी चौकट त्यांनी वडिलांना दिली की काय, अशी शंका येते. हूमराव मितभाषी, खंबीर, विश्वासू. ते कधी मोडत नाहीत, पळून जात नाहीत, पत्नीचा क्षणभरही तिरस्कार करीत नाहीत. असे पती असू शकतात. परंतु एमला जी मानवी विसंगती लाभली ती त्यांना लाभलेली नाही. शुश्रूषा करणाऱ्याला संत करणे, ही आपली आणखी एक जुनी खोड होय. शुश्रूषा करणारा थकतो, चिडतो, हे सगळे एकदाचे संपावे असे त्याच्या मनात येते. आणि ते मनात आल्याबद्दल तो आयुष्यभर अपराधी राहतो. निवेदक मुलाच्या बाबतीत हे सारे कादंबरीत आहे. त्याला आईचा राग येतो, तिचा आजार आपल्यातही उतरेल ही भीती त्याला छळते. वडिलांच्या वाट्याला मात्र ते आलेले नाही. कदाचित एका घरातून दोन माणसांना चौकटीबाहेर काढणे एका लेखकाला झेपत नसावे.

एमचा मृत्यू इतक्या प्रयत्नांनंतर अखेर साध्या, नैसर्गिक कारणाने होतो. पिंटो यांनी त्यातील उपरोध खुलवीत बसणे टाळले आहे, हे त्यांच्या संयमाचे गमक होय.

सांगण्याचा अधिकार कोणाचा?

या सर्व विवेचनावर एक आक्षेप संभवतो आणि तो क्षुल्लक नाही. नाना बोलत नाहीत, त्यांची मुलगी बोलते. एम बोलते, पण तिचे बोलणे मुलाने निवडलेले आहे. आजार झालेल्या माणसाच्या परवानगीवाचून त्याचे सर्वांत असहाय क्षण छापावयाचे काय? २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. पण तो हक्क मुख्यतः उपचार करणाऱ्यांवर बंधन घालतो. साहित्याचे नियम त्याने ठरत नाहीत. येथे सोपे उत्तर नाही. मात्र हिंदीतील एक उदाहरण दोन्ही बाजू शेजारी ठेवते. ‘कोर्ट मार्शल’ या नाटकाचे लेखक स्वदेश दीपक यांनी आपल्या आजाराची हकिकत ‘मैंने मांडू नहीं देखा’ या पुस्तकात स्वतः लिहिली. २००६ मध्ये ते अंबाल्यातील घरून बाहेर पडले ते परतलेच नाहीत. त्यांचा मुलगा सुकांत दीपक याने वडिलांविषयी जे लिहिले, ते जेरी पिंटो यांनी संपादित केलेल्या ‘अ बुक ऑफ लाइट’ (२०१६) या संग्रहात आहे. ‘एम’ वाचून लोक आपापल्या घरच्या गोष्टी घेऊन पिंटो यांच्याकडे येऊ लागले आणि त्यातून हा संग्रह आकारास आला. दीपक यांचे पुस्तकही पिंटो यांनी २०२१ मध्ये इंग्रजीत आणले. वडिलांचा आजार वडिलांनी सांगितला तेव्हा तो एक होता, मुलाने सांगितला तेव्हा दुसरा. दोहोंपैकी एक खोडून दुसरा ठेवावा, असे ते वाचताना वाटत नाही.

मराठीत अशा जोड्या जवळजवळ नाहीत. आजारी माणसाचे स्वतःचे लेखन विरळ, आणि आप्तांचे लेखन एक तर ‘दीर्घ आजाराने’ या शब्दांपाशी थांबलेले, नाही तर ‘आम्ही संकटावर कशी मात केली’ या वळणाचे. घरे मात्र आहेत. या विषयावर वर्गात बोलणे झाले की तास संपल्यावर कोणीतरी दाराशी थांबते : कोणाचा मामा, कोणाची थोरली बहीण. आवाज खाली घेऊन सांगितले जाते आणि शेवटी ‘सर, कोणाला बोलू नका’ ही विनंती येते.

मी त्यांना काही सांगण्याच्या स्थितीत नसतो, कारण आमच्या घरीही तेच घडले. वडिलांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, जुन्या शहरातील आमच्या वाड्यात जन्मभर राहिली. आम्हां मुलांना तिच्या खोलीत जाण्याची मनाई नव्हती, पण तिने सांगितलेले बाहेर बोलण्याची होती. शहराच्या पोटातून मलिक अंबरने आणलेल्या नहरी जातात. वाड्याखालून जाणाऱ्या नहरीतून घरातले बोलणे वाहून पुढच्या मोहल्ल्यात पोहोचते, अशी तिची खात्री होती. “हळू बोला रे, खाली पाणी जागंय,” असे ती म्हणे आणि मग स्वतःच मोठ्याने हसे. तिला देवीला नेले, दर्ग्यात नेले, अखेर रेल्वेने दूरच्या शहरातही नेले. राज्यातील ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नव्हते. तिच्या आजाराचे नाव मला आजतागायत ठाऊक नाही.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापला गेला तेव्हा तिच्या नावापुढे ‘अविवाहित’ एवढाच शब्द आला. या निबंधाचे टिपण काढीत असताना मी वडिलांना तिच्याविषयी विचारले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तिला हसू फार यायचं.” नंतर पाण्याविषयी, तिने शेजाऱ्यांना ठेवलेल्या नावांविषयी आणि एकदा रागाने विहिरीत फेकलेल्या पितळी डब्याविषयी ते रात्री उशिरापर्यंत बोलत राहिले. तो डबा अजून विहिरीतच आहे, असे त्यांचे म्हणणे पडले.